शेजारी बसा, खूण सांगा

घरात मूल व्हिडिओ गेम खेळत असेल, तर ‘बंद कर ते आधी’ म्हणण्यापूर्वी दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसा आणि पडद्यावर काय चाललंय ते नीट बघा. गेम चांगले की वाईट हा वाद आज बाजूला ठेवू. बसायला सांगण्याचं कारण वेगळं आहे. मुलाच्या डोळ्यांसमोर असूनही त्याला न कळलेलं काहीतरी त्या पडद्यावर तुम्हाला कळण्याची दाट शक्यता आहे.

उदाहरण घ्या ‘माइनक्राफ्ट’चं. ठोकळ्यांचं जग असलेला हा गेम दुसरी-तिसरीतली मुलंही खेळतात. त्यात हातात कुऱ्हाड घेतलेला ‘विंडिकेटर’ नावाचा एक खलपुरुष आहे. गेममध्ये नावाची पट्टी मिळते, ती त्याला लावून ‘जॉनी’ असं नाव दिलं की तो बिथरतो आणि समोर येईल त्या प्राण्यावर कुऱ्हाड घेऊन धावतो. ही युक्ती बऱ्याच मुलांना माहीत असते. मात्र ‘जॉनीच का?’ असं विचारलंत तर खांदे उडवतील. उत्तर आहे 1980 सालच्या ‘द शायनिंग’ या चित्रपटात. स्टॅनली कुब्रिकच्या त्या भयपटात जॅक निकल्सन कुऱ्हाडीनं दार फोडतो, फटीतून तोंड घालतो आणि जॉनी आल्याची वर्दी देतो. गंमत म्हणजे ती वर्दीही उसनीच आहे. अमेरिकेत ‘द टुनाइट शो’ नावाच्या टीव्ही कार्यक्रमात सूत्रधार जॉनी कार्सनच्या नावाचा रोज तसाच पुकारा व्हायचा. टीव्हीवरून चित्रपटात, चित्रपटातून गेममध्ये आणि गेममधून तुमच्या दिवाणखान्यात, असा या नावाचा प्रवास आहे.

अशा लपवलेल्या गमतीला खेळणारे ‘ईस्टर एग’ म्हणतात. आपण तिला खूण म्हणू. या खुणा सापडायला बहुतेक वेळा दोन पिढ्या लागतात. गेमचे कानाकोपरे धुंडाळायला लागणारा वेळ, बोटांचं कसब आणि चिकाटी मुलांकडे असते. सापडलेली वस्तू कुठून आली हे ओळखण्याची आठवण मोठ्यांकडे असते, कारण गेम बनवणारी पुष्कळ मंडळी सत्तर-ऐंशीच्या दशकातले चित्रपट, मालिका आणि कॉमिक्स यांवर वाढलेली आहेत. आपल्याला जे आवडलं तेच ती लपवतात. म्हणून मोठ्यांना माझं आवाहन आहे की शेजारी बसा. मुलांना सांगणं आहे की अडलं तर मोठ्यांना विचारा.

गेममध्ये काही लपवण्याची ही खोड कशी लागली, तेही थोडक्यात माहीत असू द्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अटारी कंपनीत वॉरन रॉबिनेट नावाचा प्रोग्रामर होता. ‘ॲडव्हेंचर’ हा गेम त्यानं एकट्यानं लिहिला. त्या काळी अटारी गेमवर बनवणाऱ्याचं नाव छापत नसे. त्याच सुमारास याच तक्रारीवरून कंपनीतले चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि 1979 साली त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ काढली. रॉबिनेटनं वेगळी वाट धरली. गेममधल्या काळ्या किल्ल्यात त्यानं एक बारीक ठिपका ठेवला, तोही पार्श्वभूमीच्याच रंगाचा. तो उचलून ठरावीक जागी नेला की भिंत ओलांडता येते आणि पलीकडच्या खोलीत रॉबिनेटचं नाव रंग बदलत झळकतं. हे त्यानं कंपनीत कुणालाही सांगितलं नाही. गेम बाजारात गेला, रॉबिनेट नोकरी सोडून गेला आणि पुढे एका शाळकरी मुलाच्या पत्रातून अटारीला त्या खोलीचा पत्ता लागला. नाव काढून टाकायचं तर चिप नव्यानं बनवावी लागणार, म्हणजे खर्च आला. तेव्हा तिथले एक व्यवस्थापक स्टीव्ह राइट यांनी उलटाच विचार मांडला: राहू दे, आणि पुढच्या गेममध्येही असं काहीतरी मुद्दाम लपवू.

आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ अशी उघड नाममुद्रा ठेवली. रॉबिनेटला तीच मुद्रा भिंतीआड ठेवावी लागली. म्हणून गेममधली खूण बघताना आधी हे ध्यानात घ्या, की यंत्राच्या मागे माणूस बसलेला आहे आणि तो तुमच्याशी बोलू पाहतोय.

आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्यांनी तर या खुणा पूर्वीच पाहिल्या आहेत, फक्त ओळखल्या नाहीत. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम महाराष्ट्रात गावोगावी पोचले. त्यात कॅसेट घालून सुट्टीभर ‘काँट्रा’ खेळलेले कित्येक जण हे वाचत असतील. कोनामी या जपानी कंपनीच्या या गेममधल्या दोन सैनिकांची नावं बिल रायझर आणि लान्स बीन. आता 1986 सालच्या ‘एलियन्स’ या चित्रपटातले नट आठवा: बिल पॅक्सटन, पॉल रायझर, लान्स हेन्रिक्सन, मायकेल बीन. दोघा-दोघांची नावं जोडली की गेममधले दोन्ही सैनिक तयार! शेवटच्या लेव्हलमधले ते बुळबुळीत, लांबट डोक्याचे राक्षसही त्याच चित्रमालिकेच्या वळणाचे आहेत. गेमच्या वेष्टनावरचे पीळदार वीर श्वार्झनेगर आणि स्टॅलोन यांच्याकडे बोट दाखवतात. तीस लाइफ मिळवून देणारी वर-वर-खाली-खाली ही बटणांची मालिका तर अनेकांच्या बोटांना अजून पाठ असेल. ती कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. 1986 साली ‘ग्रेडियस’ हा गेम घरगुती यंत्रावर आणताना तो तपासून पाहायचा होता, पण स्वतःलाच इतका अवघड जाई की त्यांनी हा चोरमार्ग ठेवला. गेम विक्रीला गेला तरी तो आतच राहिला. पुढे इतर कंपन्यांनी आणि संकेतस्थळांनीही तीच मालिका गंमत म्हणून वापरली.

आता खुणा ओळखायच्या कशा, ते सांगतो. त्यासाठी इंग्रजी चित्रपटांचा गाढा अभ्यास लागत नाही. काही सवयी लावून घेतल्या की पुरे.

पहिली सवय म्हणजे विनाकारण नीटस केलेल्या जागेपाशी थांबणं. गेममधली प्रत्येक खुर्ची आणि प्रत्येक डाग कुणीतरी वेळ खर्चून काढलेला असतो. जिथे काही काम नाही, लढाई नाही, बक्षीस नाही, तरी बारकाईनं काम केलंय, तिथे बहुधा काहीतरी दडलेलं असतं. 2002 सालच्या ‘जीटीए व्हाइस सिटी’नं आपल्याकडचे सायबर कॅफे भरून टाकले होते. त्यात एका इमारतीत एक छोटी सदनिका आहे. तिच्या न्हाणीघरात रक्ताचे शिंतोडे उडालेत आणि तिथे यांत्रिक करवत मिळते. ही 1983 सालच्या ‘स्कारफेस’मधल्या कुप्रसिद्ध प्रसंगाची आठवण आहे. नायकाचा आलिशान बंगलाही त्याच चित्रपटातल्या बंगल्याच्या थाटाचा आहे. घाबरट वकील केन रोझेनबर्ग हा ‘कार्लिटोज वे’ या चित्रपटात शॉन पेननं केलेल्या वकिलावरून उचललेला. गेममधल्या लान्स व्हान्स या पात्राला आवाज दिलाय फिलिप मायकेल थॉमस यांनी, म्हणजे ज्या ‘मायामी व्हाइस’ मालिकेवरून हे सगळं शहर सुचलं तिच्याच एका नायकानं. पुष्कळांनी त्या शहरात नुसत्या गाड्या पळवल्या; अख्खं शहरच चित्रपटांच्या तुकड्यांतून शिवलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसरी सवय नावं वाचण्याची. मोठ्यानं वाचा, तोडून वाचा, उलटी वाचा. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधला काळा योद्धा नूब सायबॉट. त्याचं इंग्रजी स्पेलिंग उलट्या क्रमानं लिहिलं की गेमच्या दोन निर्मात्यांची, टोबायस आणि बून यांची आडनावं हाती येतात.

तिसरी सवय आकड्यांकडे लक्ष देण्याची. 1994 सालच्या ‘सिस्टिम शॉक’मध्ये पहिल्या दाराचा संकेतांक 451 आहे. पुस्तकं जाळणाऱ्या राजवटीवर रे ब्रॅडबरी यांनी लिहिलेली ‘फॅरनहाइट 451’ ही कादंबरी ज्यांना ठाऊक आहे त्यांचे कान इथे टवकारतात. पुढे ‘डेयस एक्स’, ‘बायोशॉक’, ‘डिसऑनर्ड’ या गेममध्येही हाच आकडा कुठल्या ना कुठल्या कुलुपावर येत राहिला. त्या घराण्यातले गेम आता याच आकड्यानं एकमेकांना ओळख देतात.

चौथी सवय कडेपर्यंत जाण्याची. मुलं हे आपणहून करतात. ‘वेळ वाया घालवतोयस’ म्हणून त्यांना ओरडू नका. ‘जीटीए सॅन अँड्रिआस’मध्ये मोठ्या झुलत्या पुलाच्या टोकावर चढून गेलं तर तिथे एक पाटी आहे. इथे वर कुठलीही ईस्टर एग नाही, चालते व्हा, असं ती सांगते. एवढं वर कोण तडमडणार हे बनवणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं.

पाचवी सवय कान उघडे ठेवण्याची. 1994 सालच्या ‘डूम 2’मध्ये शेवटचा राक्षस विचित्र आवाजात काहीतरी बरळतो. तो आवाज उलटा वाजवला की कळतं, जिंकायचं असेल तर मला, जॉन रोमेरोला, मारावं लागेल, असं तो बजावतोय. रोमेरो हा गेमच्या निर्मात्यांपैकी एक. राक्षसाच्या भिंतीमागे खांबावर त्याचंच मुंडकं लावून ठेवलंय.

एवढं करूनही काही खुणा हातून निसटतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. 2009 सालच्या ‘बॅटमॅन: आर्कम असायलम’मध्ये वॉर्डनच्या कचेरीत एका भिंतीमागे खोली होती आणि तिथे पुढच्या गेमचे, ‘आर्कम सिटी’चे, नकाशे टांगलेले होते. कुठलीही निशाणी नसलेली ती भिंत लागोपाठ स्फोटकं लावूनच फुटे. कितीतरी महिने ती कुणालाच सापडली नाही. शेवटी बनवणाऱ्यांनाच राहवेना आणि त्यांनी सांगून टाकलं.

हे सगळं परक्या चित्रपटांचं झालं. आपल्या घरातल्या आजीला यात कुठे जागा आहे, असं कुणी विचारेल. आहे. 2017 सालचा ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा गेम भारतात, पश्चिम घाटात घडतो. क्लोई फ्रेझर ही त्याची नायिका अर्धी भारतीय आहे आणि ती ज्याच्या मागावर आहे तो ऐवज म्हणजे गणपतीचा दात. कैलासाच्या दारात परशुरामाला अडवणारा गणपती, त्यानं फेकलेला परशू, आणि तो पित्यानं दिलेला म्हणून वार चुकवण्याऐवजी दातावर झेलणारा मुलगा, ही एकदंताची कथा गेमच्या गाभ्याशी आहे. अमेरिकेतल्या खेळाडूला ती नव्यानं समजावून घ्यावी लागते. आपल्याकडे ती घरातल्या कुणालाही विचारावी. या गेममधलं हळेबीड कल्पनेतलं आहे. खरी होयसळ मंदिरं बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूरला आहेत आणि 2023 साली त्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली. गेम संपल्यावर कर्नाटकाची सहल काढलीत तर मूल तुमच्याही पुढे धावेल.

2018 सालच्या ‘हिटमॅन 2’मध्ये तर एक मोहीमच मुंबईत घडते. बनवणारी मंडळी डेन्मार्कची. त्यातल्या गुन्हेगार चित्रपट-निर्मात्याचं नाव दाऊद रंगन, आणि चाच्यांच्या टोळीच्या म्होरक्याचं नाव वझीर काळे. पहिलं नाव का ठेवलं असेल ते मुंबईकराला सांगायला नको. दुसऱ्या नावातलं मराठी आडनाव वाचून हसूही येईल. इथे जगभरच्या खेळाडूंपेक्षा तुम्ही दोन पावलं पुढे आहात. काय खरं वाटतं, काय ओढूनताणून आणलंय, हे तुम्हीच चांगलं सांगू शकता. जरूर सांगा.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी.

वर उल्लेखलेले बरेच गेम मुलांसाठी नाहीत. ‘जीटीए’, ‘हिटमॅन’, ‘मॉर्टल कॉम्बॅट’, ‘डूम’ हे मोठ्यांचे खेळ. गेमच्या डब्यावर किंवा खरेदीच्या पानावर वयाची सूचना असते, ती औषधाच्या मुदतीइतक्याच गांभीर्यानं वाचा. लहानांसाठी खुणांची वानवा नाही. ‘माइनक्राफ्ट’ आहेच. त्यात कुठल्याही प्राण्याला ‘डिनरबोन’ नाव दिलं की तो उलटा होऊन चालू लागतो. हे त्याच्या एका निर्मात्याचं टोपणनाव. 2024 सालच्या ‘ॲस्ट्रो बॉट’मध्ये जुन्या गेममधल्या पात्रांची सोंगं घेतलेले दीडशेहून अधिक चिमुकले यंत्रमानव लपलेत. त्यातले किती ओळखता येतात, यावर घरात पैज लावता येईल.

ऐकलेली प्रत्येक खूण खरी मानू नका. गेमच्या दुनियेत अफवा खुणांपेक्षा वेगानं पसरतात. ‘सॅन अँड्रिआस’च्या जंगलात केसाळ महामानव फिरतो म्हणून लोकांनी रात्री जागवल्या, तो तिथे कधीच नव्हता. ‘माइनक्राफ्ट’मधलं पांढऱ्या डोळ्यांचं भूत, हेरोब्राइन, तेही नव्हतंच. गेमच्या नव्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या बदलांच्या यादीत ‘हेरोब्राइन काढून टाकला’ असं वारंवार लिहून निर्मात्यांनीच त्या अफवेची खिल्ली उडवली. सर्वात टिकाऊ अफवा आपल्या गांधीजींबद्दलची आहे. 1991 सालच्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये गांधीजींच्या आक्रमकतेचा आकडा 1 होता, लोकशाही आल्यावर त्यातून 2 वजा झाले, शून्याखाली जाता येईना म्हणून तो थेट 255वर उडाला आणि गांधीजी अणुबॉम्ब टाकू लागले, अशी ती कथा. ऐकायला बिनतोड आहे. पण गेमचे जनक सिड मायर यांनी 2020 साली आपल्या आत्मकथनात ती खोटी असल्याचं स्पष्ट केलं. 2010 सालच्या पाचव्या भागात मात्र निर्मात्यांनीच गांधीजींची अण्वस्त्रांची हौस थट्टेनं मुद्दाम वाढवून ठेवली होती. मुलांना ही गोष्ट अवश्य सांगा. आकडे घालून, तांत्रिक भाषेत सांगितलेलं खोटंही किती पटतं, हे त्यांना पुढे गेमबाहेरही उपयोगी पडेल.

‘गुप्त लेव्हल उघडणारी फाइल’, ‘मोफत चीट’ असलं काही डाउनलोड करू नका. खरी खूण गेमच्या आतच असते. तिच्यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही, पासवर्ड द्यावा लागत नाही आणि पैसेही मोजावे लागत नाहीत. कुणी यांतलं काही मागत असेल तर तो तुमच्या खात्यावर डोळा ठेवून आहे असं समजा.

आणि ज्याला खूण कळली नाही त्याला हसू नका. मुलांनी मोठ्यांना ‘तुम्हाला एवढंही माहीत नाही?’ म्हणू नये, तसंच मोठ्यांनी ‘आमच्या काळी…’ हा पाढा लावू नये. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’च्या निर्मात्यांनी 2010 साली हा समंजसपणा फार छान दाखवला. थट्टामस्करीच्या बऱ्याच खुणा त्यांनी एका वेगळ्या पर्यायात घातल्या. तो निवडला तर फ्रिजमध्ये बसलेला, टोपी घातलेला सांगाडा सापडतो, इंडियाना जोन्सच्या 2008 सालच्या चित्रपटाची चेष्टा करणारा. नाही निवडला तर गेम गंभीरपणे चालतो. हव्या त्याला गंमत, नको त्याला आग्रह नाही. कुणाला उत्तर सांगण्याआधी ‘सांगू का, की तू शोधतोस?’ एवढं विचारलंत तरी पुष्कळ.

खूण ओळखली की तिथेच थांबू नका. मूळ वस्तूपर्यंत जा. चित्रपट वयाला साजेसा असेल तर मिळून बघा, कादंबरी असेल तर वाचनालयातून आणा, मंदिर असेल तर जाऊन या. गेम संपला की श्रेयनामावलीही बघा. पुण्या-मुंबईत गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ 2008 पासून आहे, आणि देवी-देवतांच्या कथांवर उभा असलेला ‘राजी’ हा 2020 सालचा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं केला. त्या धावत्या यादीत एखादं कुलकर्णी, शिंदे किंवा डिसोझा दिसेलही. जे नाव लपवण्यासाठी रॉबिनेटला एवढा खटाटोप करावा लागला, ते आता उघड छापून येतं. निदान ते वाचावं तरी.

शेवटचं सांगणं मोठ्यांना. आज गेम खेळणारी मुलं उद्या गेम बनवतील. गेममध्ये माणूस तेच लपवतो जे त्याला मनापासून आवडतं आणि पाठ असतं. मुलांना फक्त ‘स्कारफेस’ आणि ‘एलियन्स’ ठाऊक असतील तर तेच पुन्हा फिरून येईल. त्यांनी ‘अशी ही बनवाबनवी’ पाहून पोट धरून हसलेलं असलं, एकदंताची कथा कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली असली, गावच्या जत्रेतला तमाशा किंवा गणपतीतलं नाटक पाहिलेलं असलं, तर उद्या एखाद्या गेममधल्या बंद दारामागे ते सापडेल आणि ओसाकातला किंवा ओस्लोतला कुणीतरी पोरगा ‘हे काय असावं?’ म्हणून शोधू लागेल. लपवायला आधी जवळ काहीतरी असावं लागतं. ते देणं आपल्या हातात आहे.